एक आटा जास्तीचा

"पंख्याचा आवाज? माझ्या खोलीत? कोण म्हणतंय, त्याला आणा माझ्यासमोर!"

आवळरावांनी कप असा आदळला की अर्धा चहा बशीत आला. समोर सून मोबाइल धरून उभी होती. तिचा बिचारीचा काही गुन्हा नव्हता. प्रकाशनाकडून आलेला निरोप तिने फक्त वाचून दाखवला होता. वाचन उत्तम आहे, उच्चार स्वच्छ आहेत, पण मागे पंख्याची बारीक गुणगुण सतत ऐकू येते, त्यामुळे हेही रेकॉर्डिंग घेता येत नाही, असा तो निरोप. शेवटचे शब्द तिने खालच्या आवाजात वाचले, पण काय झालं ते आवळरावांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. हल्ली त्यांना बऱ्याच गोष्टी चेहऱ्यावरूनच कळत.

"दुसऱ्यांदा!" ते गरजले. "एकदा झालं, मी म्हटलं चला, होतं असं. आता दुसऱ्यांदा! यांना कान आहेत की नुसती भोकं?"

"बाबा, प्रकाशनातल्या बाई म्हणतात, अजून एक संधी देऊ," सून म्हणाली. "एकच पान वाचून पाठवायचं, शनिवारपर्यंत. तेही असंच आलं तर पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी देणार."

"देऊन तर बघू दे!"

पण देणारे प्रकाशनवाले होते, आणि त्यांनी खरंच देऊन बघितलं असतं तर हिच्या हातात काहीच उरलं नसतं.

आवळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पेन्शनच्या कागदावर आहे आणि तिथे ते सुखात आहे. हे नाव दिलं कारखान्याने. कारखाना पंख्यांचा, पण घरात छताला लटकतात तसल्यांचा नव्हे. बोगद्यात हवा ढकलणारे, भट्टीला फुंकर घालणारे, माणूस आत उभा राहील एवढे थोरले ब्लोअर तिथे बनत. आवळराव तिथे फिटर होते. बाकीचे फिटर नट आवळायचे आणि पाना अडला की थांबायचे. हे पाना अडल्यावर सुरुवात करायचे. अंगाचा सगळा भार टाकून अजून एक आटा फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. 'सैल ते वाजतं, घट्ट ते गप्प बसतं' हा त्यांचा मंत्र, आणि त्या कामात तो खोटाही नव्हता. त्यांनी बसवलेला पंखा पायातून हलला असं कधी झालं नाही.

घरात मात्र या मंत्राने उच्छाद मांडला होता. त्यांनी बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाला उघडता येत नसे. बरण्यांची झाकणं उघडायला बायकोला त्यांचीच वाट बघावी लागे, आणि ते उघडून देताना वर ऐकवत, "या घरात कुणाच्या हातात जोर म्हणून नाही." बायको म्हणायची, "उद्या तुम्हाला देव भेटला ना, तर आधी त्याच्या खुर्चीचे स्क्रू आवळाल, मग नमस्कार कराल." कारखान्यातून ते निवृत्त झाले, पण राग नोकरीत कायम राहिला. दूधवाला, पेपरवाला, बँकेतला शिपाई, कुणीही त्यातून सुटला नाही.

सुटली होती ती एक सून. तिच्यावर ते कधी आवाज चढवत नसत. ती आधी लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. शाळा बंद पडली, जागेच्या मालकाने तिथे गाड्या धुवायचं दुकान काढलं आणि सून घरी बसली. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात, सवड मिळेल तेव्हा येणारा. हळूहळू पोरगी घरात असून नसल्यासारखी वावरायला लागली. काम सगळं करी, पण बोले ते दाराआडून बोलल्यासारखं. मग कुठूनसं तिला कळलं की एका प्रकाशनाला बोलती पुस्तकं काढायची आहेत. तिने मोबाइलवर एक उतारा वाचून पाठवला आणि तिकडून उत्तर आलं, हा आवाज आम्हाला हवा आहे. त्या दिवशी जेवताना ती दोनदा हसली होती. आवळरावांनी ते बघून ठेवलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी जिन्याखालची आपली खोली तिला देऊन टाकली. ऐकायला ही गोष्ट छोटी वाटते, पण ती त्यांची हत्यारांची खोली होती. तिथला पाना त्यांनी सख्ख्या भावाला कधी उसना दिला नव्हता. हत्यारं पलंगाखाली गेली. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या ठोकल्या गेल्या, छताला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटले, दाराला आतून रजई लागली. जिन्याखालची ती जागा एका बाजूने उघडी होती. तिथे त्यांनी प्लायवूडची भिंत घातली. त्या भिंतीला आतून एक फळी टेबलासारखी ठोकली आणि फळीवर माइकचा दांडा बसवला. "वाच आता, पाहिजे तेवढं वाच," ते म्हणाले होते. "बाहेरचा एक आवाज आत आला तर नाव बदलीन." कुठलं नाव बदलणार, असं बायकोने लगेच विचारलं होतं, तिकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

पहिलं रेकॉर्डिंग परत आलं तेव्हा मुलाने मागे ठेवलेला जुना सीपीयू खोलीत सुनेच्या पायाशीच होता. त्याचा पंखा घरघरत होता आणि माइकला तो ऐकू जाणारच, एवढं आवळरावांनी मोठ्या मनाने कबूल केलं. मग त्यांनी सीपीयू भिंतीपलीकडे बोळात नेला, त्याला प्लायवूडची पेटी केली, हवेसाठी मागे जाळी ठेवली, वायरींसाठी भोक पाडून ते चिंध्यांनी बुजवलं. आणि ती पेटी त्यांनी बाहेरून त्याच भिंतीला बोल्टांनी बसवली. बोल्ट असे की हत्ती टांगावा. आवळून आवळून वॉशर लाकडात रुतले, तेव्हा कुठे त्यांनी पाना खाली ठेवला.

म्हणजे आता खोलीत पंखाच नव्हता. तरी वर निरोप, पंख्याचा आवाज येतो! आवळरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती यामुळे.

मग त्यांनी घर धुंडाळायला घेतलं. आधी फ्रिज बंद केला. शेजारच्या घरी जाऊन, तुमची पाण्याची मोटर माझ्या सुनेच्या पोटावर पाय देते आहे, असं त्यांना सांगून आले. शेजारी म्हणाले, मोटर तर जळाली आहे कधीचीच. तेव्हा परत येऊन त्यांनी घराचं मेन स्विचच खाली ओढलं आणि खोलीत डोकावून विजयाने विचारलं, "आता सांग, आहे आवाज?"

"नाही," सून अंधारातून म्हणाली. "पण बाबा, आता कॉम्प्युटरही बंद आहे."

बायको स्वयंपाकघरात हसली. हसणं त्यांना ऐकू आलं नाही, पण खांदे हलताना दिसले.

"एखादा बोल्ट सैल पडला असेल," आवळराव म्हणाले आणि पाना आणायला पलंगाखाली शिरले. बोल्ट सैल पडलेले नव्हतेच, तरी त्यांनी प्रत्येकाला अजून एक आटा दिला. प्लायवूड करकरलं. सून हेडफोन लावून बसली होती. त्यांनी भुवया उडवून विचारलं, झालं ना?

"जरा..." ती ओठ चावत म्हणाली. "जरा कमी वाटतोय, बाबा."

खरं म्हणजे आवाज वाढला होता. पण सासरा घामाघूम होऊन, फासळ्यांवर हात दाबून उभा असताना कुठल्या सुनेच्या तोंडून ते निघेल? तिचा तो 'जरा' या घरात असाच कामाला येई. भाजी खारट असली तर जरा, ताप चढला असला तर जरा. आवळरावांना त्या 'जरा'त शाबासकी ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी, कमी झालाय तो पुरता संपवावा म्हणून, त्यांनी सीपीयू काखेत मारून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुरुस्तीवाला ढेरपोट्या, सावकाश माणूस होता. त्याने सीपीयू टेबलावर घेऊन झाकण काढलं, वीज जोडली आणि तोंड वाकडं केलं.

"आई गं! काका, केवढी बोंब मारतोय हा!"

आवळराव टेबलावर वाकले. पंख्याची पाती फिरत होती. पात्यांवर धुळीचे लोंबते पुंजके होते तेही दिसत होते. बोंब मात्र कुठे नव्हती.

"हो ना," ते म्हणाले. "बेअरिंग गेलंय."

"बेअरिंग नाही, कचरा बसलाय. शिवाय पंखाच जुना. नवीन टाकतो." त्याने नवीन पंखा बसवला, पुन्हा वीज जोडली. "आता ऐका. आहे की नाही जमीन-अस्मानाचा फरक?"

पाती फिरत होती. आधी फिरत होती तशीच.

"आहे," आवळराव म्हणाले. "फरक आहे."

आयुष्यभर त्यांनी कुणालाही तोंडावर खोटं सांगितलं नव्हतं. त्यामुळे तर त्यांना मित्र कमी होते.

"पण हा ठेवता कुठे?" दुरुस्तीवाल्याने विचारलं. आवळरावांनी सांगितलं. "पेटीत? आणि पेटी भिंतीला ठोकलीय? अहो काका, मग तर..."

"मग तर काय? मला पंखे शिकवतोस? तू पाळण्यात पाय चोखत होतास तेव्हा मी बोगद्याचे पंखे बसवत होतो!"

दुरुस्तीवाल्याने हात जोडले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आवळराव घरी निघाले. वाटेत त्यांनी स्वतःची समजूत घातली की दुकानासमोर रस्ता होता, रस्त्यावर गाड्या होत्या, त्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार! दुरुस्तीवाल्याला कसं आलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

घरी येऊन पेटी परत भिंतीला चढली. या वेळी त्यांनी जास्तीच्या पट्ट्याही मारल्या. मग खोलीच्या दारात उभं राहून हुकूम सोडला, "वाच, आणि ऐक."

सुनेने चार ओळी वाचल्या. मग हेडफोन कानाला दाबून, डोळे मिटून त्या ऐकल्या. शनिवार उद्यावर आला होता.

"बाबा, जरा..."

"जरा काय?"

"आहे अजून."

"आहे म्हणजे?" आवळराव उसळले. "मला ऐकू येत होता तो गेला! नवा पंखा, नव्या पट्ट्या, आणि म्हणे आहे! तुझ्या मनात बसलाय तो आवाज. त्या बाईने म्हटलं आणि तू धरून बसलीस. काम करायचं नसेल तर तसं सांग, आमची हाडं कशाला मोडतेस?"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच ते लागलं. या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, तिच्याशी ते असं कधी बोलले नव्हते. सुनेने हेडफोन काढून नीट फळीवर ठेवला. मग त्यांच्या बाजूने, अंग चोरून, जिना चढून वर निघून गेली.

"पुरे!"

ही बायको होती. हातात झारा घेऊन ती बोळात उभी होती आणि झाऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

"त्या पोरीला कशाला बोलता? तिला ऐकू येतं म्हणून? तुम्हाला येत नाही हा तिचा गुन्हा?"

"काय येत नाही मला?"

"ऐकू! ऐकू येत नाही तुम्हाला! दाराची बेल वाजते तेव्हा कोण उठतं? फोन कोण घेतं? तुमचे कारखान्यातले लोक रस्त्यात हाका मारतात, तेव्हा 'ते जरा विचारात आहेत हो' म्हणून कोण सांभाळून घेतं? प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते मी, दुसऱ्यांदा मोठ्याने. आणि वर तुमचंच, 'ओरडतेस कशाला!' अहो, घसा गेला माझा तुमच्या कानांपायी!"

"मला सगळं ऐकू येतं!"

"हो का? मग सांगा, आत्ता मी बोलत असताना कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

आवळरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. शेगडीवर कुकर होता. त्याच्या झाकणावर वाफेचा भपका अजून विरत होता. कुकर चढवलेला आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

ते सुनेच्या खोलीत शिरले आणि त्यांनी दार आपटलं. पण दाराला रजई होती. ते आपटलंसुद्धा नाही, नुसतं फुस्स करून बसलं. स्वतः केलेल्या दाराने असा अपमान करावा! ते सुनेच्या स्टुलावर बसले. त्या प्रकाशनवाल्या बाईचा राग, दुरुस्तीवाल्याचा राग, बायकोचा राग, कुकरचासुद्धा राग. समोर कॉम्प्युटरचा पडदा चालू होता, म्हणजे पलीकडे पंखा फिरत होता. ते कान देऊन बसले. त्यांच्या कानात फक्त ती नेहमीची बारीक शिट्टी होती, सगळं गप्प झालं की येते ती. शांततेचा आवाज असतो तसा. बाकी काही नाही.

रागात त्यांचा हात आपोआप खिशात गेला. खिशात लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर असे. निवृत्त झाल्यावरही तो खिशातून गेला नव्हता. कारखान्यातली एक गोष्ट त्यांना आठवली. तिथे चाचणीच्या शेडमध्ये एका वेळी इतके पंखे सुरू असत की माणसाला स्वतःची आरोळी ऐकू येत नसे. मग कुठल्या पंख्याचं बेअरिंग खरखरतं आहे हे कसं कळायचं? जुने फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या अंगाला लावत आणि मूठ दातांत धरत. हवेतला गोंगाट बाजूला राही आणि लोखंडाच्या पोटातलं दुखणं सरळ जबड्यात येई. त्यात आवळरावांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांनी टोक फळीला लावलं आणि मूठ दातांत धरली.

आवाज आला. कानात नाही, जबड्यात, दाढांच्या मुळाशी. बारीक, न थांबणारा, बंद खोलीत डास फिरावा तसा. ऐकू आला म्हणा, जाणवला म्हणा, पण होता. त्यांनी टोक माइकच्या दांड्याला लावलं, तिथे होता. प्लायवूडच्या भिंतीला लावलं, तिथे तर दात शिवशिवले. ते बाहेर बोळात आले आणि टोक पेटीवर ठेवलं. तिथून भिंतीतल्या बोल्टांवर आले. एकेका बोल्टाशी थांबले. ज्या बोल्टाला सगळ्यात जास्त आटे दिले होते, तो सगळ्यात जास्त बोंबलत होता.

"गाढवा!" ते स्वतःला म्हणाले, आणि ते इतक्या जोरात की बायको झारा टाकून धावत आली.

पंखा हवेतून आत येतच नव्हता. तो त्यांच्या बोल्टांतून येत होता. पेटीतून बोल्टात, बोल्टातून भिंतीत, भिंतीतून फळीत, फळीवरून माइकमध्ये. रस्ता त्यांनीच बांधला होता, आणि सुनेने तक्रार केली की दर वेळी तो अजून पक्का करत होते. कारखान्यात बोल्टाखाली जमिनीत गाडलेला काँक्रीटचा ठोकळा असे, तो कसला हलतोय! इथे होतं पातळ प्लायवूड. त्याला घट्ट बांधलेली वस्तू गप्प बसत नाही, त्यालाही गायला लावते. हे एखाद्या शिकाऊ पोराला कळलं असतं. दुरुस्तीवाल्याला तर कळलंच होतं, त्याला वाक्य पुरं करू दिलं असतं तर.

आणि जे दातांना कळलं ते कानांना कळलं नव्हतं. म्हणजे बायको खरं बोलत होती. सून खरं बोलत होती. ती प्रकाशनवाली बाईसुद्धा. सगळं जग खरं बोलत होतं आणि त्यांनी जगाला भोकं म्हटलं होतं.

जिन्याच्या पायरीशी उभं राहून त्यांनी वर हाक मारली. "सूनबाई! खाली ये. चूक माझी आहे. ते बोल्ट काढायचेत, आणि मला एकट्याला निघत नाहीत, मेले इतके आवळलेत!"

तिघांनी मिळून ते काढले. आवळराव पान्याला लटकले, बायकोने पेटी धरली, सुनेने पान्याच्या टोकाला हात लावला. एक बोल्ट निघताना किंचाळला तो बायको आणि सून दोघींना ऐकू आला, आवळरावांना फक्त मनगटात कळला. बायको म्हणाली, "बरणीची झाकणं तरी बरी." मग आवळरावांनी सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या पट्ट्या केल्या आणि पेटी त्या पट्ट्यांवर, जिन्याच्या कठड्याला, झोळीसारखी टांगली. भिंतीला तिचा स्पर्श नाही, जमिनीला नाही. हाताने ढकलली की डुलत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं यंत्र इतकं सैल सोडलं होतं आणि ते बघवत नव्हतं.

"आता ऐक," ते सुनेला म्हणाले. "आणि खरं सांग. 'जरा' म्हणालीस तर याद राख."

सून हेडफोन लावून बसली. आवळराव तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आहे," ती म्हणाली. मग धीर करून अजून मोठ्याने, "बराच कमी झालाय, पण आहे, बाबा."

या वेळी आवळरावांनी नुसती मान हलवली, स्क्रू ड्रायव्हर दातांत धरला आणि पुन्हा भिंत चाचपायला लागले. वायरींपाशी सापडला. वायरी हलू नयेत म्हणून त्यांनी त्या भिंतीला खिळ्यांनी ताणून ठोकल्या होत्या. अर्थात घट्ट. त्यांनी खिळे उपटले, वायरी लोंबू दिल्या.

"आता?"

सून खूप वेळ ऐकत राहिली. मग तिने हेडफोन काढला.

"नाही! बाबा, गेला! काहीच नाहीये!"

ती दाराआडून बोलत नव्हती. ते त्यांना नीट ऐकू आलं.

तिने लगेच पान वाचलं, आणि वाचण्याआधी थोडा वेळ रिकामी खोली रेकॉर्ड केली. मागे काही वाजत नाही ना हे तपासायला प्रकाशनाला तेवढी शांतता लागते. पान गेलं आणि दिवे लागायच्या आत उत्तर आलं. आवाज स्वच्छ आहे, पुस्तक तुमचंच, पहिल्यापासून वाचायला सुरुवात करा. सून ते वाचून दाखवताना एकदा अडखळली, पण या वेळी खालच्या आवाजात काही वाचलं नाही.

"तुम्ही ऐका ना, बाबा," ती म्हणाली आणि तिने स्वतः त्यांच्या कानांवर हेडफोन बसवला. आधी ती रिकामी खोली लागली.

आवळरावांच्या कपाळावर आठी चढली.

"हे काय? शिट्टी आहे की अजून!"

"कसली शिट्टी?"

"ही काय! बारीक, सारखी. एवढं सगळं केलं तरी ती आहेच! आणि त्या बाई म्हणतात स्वच्छ? कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकतात?"

सुनेने हेडफोनचा एक कान आपल्या कानाला लावला. मग सासूकडे पाहिलं.

"बाबा, यात शिट्टी नाहीये. यात काहीच नाहीये. पूर्ण शांत आहे."

आवळरावांनी हेडफोन काढला. शिट्टी तशीच होती. त्यांनी खोलीबाहेर पाऊल टाकलं, शिट्टी बरोबर आली. "तुम्हाला नाही येत?" त्यांनी विचारलं. "सगळं गप्प झालं की? रात्री? कुणालाच नाही येत?"

दोघींनी नकारार्थी मान हलवली.

त्यांना वाटत होतं, शांतता अशीच असते. सगळ्यांची. शेडमधून घरी यायचे तेव्हापासून ही शिट्टी होती आणि ते समजत होते की कारखाना सुटला, आता शांत आहे. शेडच्या कपाटात कापसाचे बोळे ठेवलेले असत, कानात घालायला. ते घालणाऱ्यांना मुकादम हसायचा, आणि मुकादमाच्या जोडीने हेही हसायचे. निरोपाच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. त्याची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही, हे या क्षणापर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. घड्याळ चांगलं आहे, आवाज करत नाही, असं ते लोकांना सांगत आले होते.

"घड्याळ देतात!" ते ओरडले. "माझे कान घेतले आणि घड्याळ देतात! आणि मी ते हसत घेतलं! तो पंखा सोडवला मी, बोल्ट तरी होते त्याला. याला काय सोडवू? कुठे पाना लावू?"

सुनेने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मग ते बायकोकडे वळले. ती दाराशी उभी होती आणि सवयीने त्यांच्या वतीने काहीतरी बोलायला तोंड उघडत होती.

"तू थांब," ते म्हणाले. "मी सांगतो." आणि मग रागाने, डोळ्यांत पाणी आणून, ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

"काय म्हणालात?" बायकोने विचारलं.

तिला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. पण इतकी वर्षं तिने या माणसाला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली होती. ही एक गोष्ट त्याने दोनदा सांगावी, एवढा तिचा हक्क होता.

आवळरावांनी परत सांगितलं, मोठ्याने.